फ्रीझरची सुट्टी

४ ऑगस्ट, सोमवार

पहिल्याच दिवशी लॅबमध्ये एक जाड वही हातात मिळाली आणि घरी आल्यावर अप्पांनी ही दुसरी दिली. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होताना त्यांना मिळालेली, सात वर्षं ट्रंकेत पडून होती. त्या वहीत झालं तसं लिहायचं, या वहीत वाटलं तसं.

लॅब रायापूरला. बाहेरून गॅरेज वाटावं अशी शेड, आत मात्र एसी. आम्ही तिघंच: मालक डॉ. बाळाचार्य, लक्ष्मण अण्णा आणि मी. शेजारच्या खोलीत चार बायका किटचे डबे भरतात. सर कानडीत बोलतात, इंग्रजीत लिहितात आणि हसत कुठल्याच भाषेत नाहीत. लक्ष्मण अण्णा अळणावरचे. पंचवीस वर्षं गोकुळ रोडवर लेथ चालवत होते, आता इथली सगळी मशिनं त्यांच्या ताब्यात.

माझं काम एकच. डेंगीच्या विषाणूच्या आवरणातला एक तुकडा, एक प्रथिन, बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचं आणि शुद्ध करायचं. विषाणू इथं येत नाही आणि येणारही नाही. बंगळुरूच्या एका संशोधन गटाला रक्ततपासणीची नवी पद्धत बसवायची आहे, त्यांना पाच मिलिग्रॅम हवंय. मुदत ३१ ऑक्टोबर. माझी नेमणूकही ३१ ऑक्टोबरपर्यंतच. "प्रथिन गेलं की तुमचं बघू," असं सर म्हणाले.

पाच मिलिग्रॅम! जेवताना पानाबाहेर सांडलेलं मीठसुद्धा त्याहून जास्त भरेल. तेवढ्यावर माझी नोकरी.

६ ऑगस्ट, बुधवार

आईची धास्ती काही जात नाही. आज दारातच अडवलं.

"चप्पल भाईरच ठेव गे. आणि थेट न्हाणीत जा."

"आई, विषाणू नाही तिथं."

"मग दोन दिवस डेंगी डेंगी काय करालीस?"

आई देशपांडे नगरातल्या डॉक्टरणींचे ब्लाउज शिवते. तिला तिच्याच भाषेत सांगितलं. समज, एक चोर आहे, त्याच्या सदऱ्याच्या खिशाचं फक्त कागदी कटिंग मला मिळालंय. ते मी शिंप्यांना देते, ते तसले हजारो खिसे शिवतात. चोर कुठंच नाही, पण खिसा बघून उद्या चोर ओळखता येईल.

"शिंपी कोण?"

"बॅक्टेरिया."

"म्हणजे जंतूच की!" आई म्हणाली आणि न्हाणीकडं बोट दाखवलं. अंघोळ करून जेवले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पहिली खेप पाण्यात गेली. बॅक्टेरिया झकास वाढले, फ्लास्क दुधासारखा गढूळ झाला, मी खुशीत. मग ते फोडले आणि सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवले, तर सगळं प्रथिन खाली गाळात. वरच्या पाण्यात हवं होतं, तिथं काहीच नाही. अशा गोळ्याचा कुणाला काही उपयोग नाही.

सर म्हणाले, "सदतीस अंशावर ते घाई करतात. घाईत घड्या चुकतात. थंडीत ठेवा, सावकाश करू दे." एवढंच. बोलणीसुद्धा बसली नाहीत, त्यामुळं जास्तच भीती वाटली.

रोज संध्याकाळी माझी लॅबची वही ते ओळ न् ओळ वाचतात. हातात लाल पेन. मला वाटतं, चुका मोजतात.

अजून एक. मोठ्या फ्रीझरच्या मागं, तो उणे ऐंशीचा आहे, एक पांढरी डबी चिकटवलेली दिसली. लाल दिवा लुकलुकतो. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "सरांनी जुलैत बसवली. करंट मोजायची असणार. हात लावू नका म्हणालेत, म्हणून मी तिच्यावरची धूळपण पुसत नाही."

२ सप्टेंबर, मंगळवार

जमलं! अठरा अंशावर, फ्लास्क हलवत ठेवणारा शेकर रात्रभर चालू ठेवून गेले होते. आज सकाळी फोडलं, फिरवलं, बाकीचा कचरा गाळणाऱ्या कॉलममधून सोडलं. दुपारी प्रथिनं वेगवेगळी करणारं जेल रंगवून उजेडावर धरलं तर जिथं पाहिजे तिथंच, एक निळी जाड रेघ. एकच. आजूबाजूला कचरा नाही.

मी ओरडलेच. अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला. रेघ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. "एवढीशी?"

"एवढीशीच, अण्णा."

"असू दे की. लेथवरपण शेवटचा सूतभर कापच अवघड असतोय."

११ सप्टेंबर, गुरुवार

घरी येताना चिगरी सिटीबसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी न विचारता शेंगदाणे दिले.

शुद्ध झालेल्या प्रथिनातलं जास्तीचं मीठ काढायला ते एका पातळ पिशवीत भरून बफरमध्ये, म्हणजे बेताच्या मिठाच्या पाण्यात, बुडवून ठेवतात. मी ठेवलं. सकाळी पिशवीत नासलेल्या दुधासारखं पांढरं. सगळं साकळलं होतं. बफरचा पीएच मी तपासलाच नव्हता, कालच्याच बाटलीतला घेतला.

लॅबच्या वहीत तसं लिहिलं: "पीएच तपासला नाही. चूक माझी." अण्णा म्हणाले, पान फाडा, नवीन लिहा, कुणाला कळतंय. पण त्या वहीची पानं आकडे घातलेली आहेत. तशीच दिली.

सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि वही परत केली. ऑक्टोबरपर्यंत तरी ठेवतात की नाही कोण जाणे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दहा मिलिग्रॅम! पाहिजे त्याच्या दुप्पट!

आज ते दोनशे इवल्या ट्यूबांत वाटून ठेवलं. मोठ्या बाटलीत ठेवलं तर दर वेळी सगळं वितळवावं लागतं, आणि वितळव-गोठव करत राहिलं की प्रथिन मोडतं. म्हणून एकदा काढलेली ट्यूब परत गोठवायची नाही, हा इथला पहिला नियम.

एकशे वीस ट्यूबा ग्राहकानं मागितल्या तशा साध्या. ऐंशी ट्यूबांत मी थोडं ग्लिसरीन घातलं, त्यानं प्रथिन लवकर साकळत नाही. सरांनी भुवई उचलली. "त्यांनी साधं मागितलंय."

"एकदा साकळलंय सर. थोडं राखून ठेवते."

"दुप्पट काम," म्हणाले आणि निघून गेले. नको म्हणाले नाहीत म्हणजे चालेल, असं मी धरलं. गोठवायच्या आधी दोन्ही प्रकार अँटिबॉडीला किती चिकटतात ते मोजलं, आकडे वहीत. सोमवारी, सहा तारखेला, पार्सल जाणार. आता काही बिघडायला जागाच नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज आयुधपूजा. लॅबमध्ये एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

सर दर वर्षी नवमी-दशमीला मंत्रालयाला, स्वामींच्या मठात, जातात आणि फोन बंद ठेवतात. त्यामुळं आज अण्णांचं राज्य. झेंडूच्या माळा, ऊस, केळीचे खुंट, हे एवढं मोठं कोहळं. डबे भरणाऱ्या बायकांनी चुरमुरे आणि पेढे आणले. अण्णांचा नियम गोकुळ रोडचा: चालू मशिनला हळद-कुंकू लावायचं नाही. वर्षभर राबलेल्या मशिनला आज सुट्टी. बंद करायचं, पुसायचं, विभूतीची तीन बोटं ओढायची, माळ घालायची.

माझ्यापाशी येऊन जरा घुटमळले. "अक्का, तुमच्यात करत नाहीत ना हे? मी लावतो, तुम्ही नुसती फुलं धरा." मला बरं वाटलं त्यांचं. आमच्या घरी कुंकू नाही, पण आजच्या दिवशी आई शिलाई मशीन उघडून, ब्रश मारून, तेल घालते आणि दिवसभर त्यावर एक टाका घालत नाही. तेच सांगितलं. अण्णा खूश. "मग तेच की हे!"

सेंट्रीफ्यूज झालं, शेकर झाला, जेलचं मशीन झालं. फ्रीझरपाशी थांबले. "ह्याला करायचं काय?"

मी हिशेब केला. उणे ऐंशीला असलेला फ्रीझर दार न उघडता पाच-दहा मिनिटं बंद ठेवला तर काही होत नाही. आणि सगळ्यांना माळा आणि ह्याच्यात माझ्या ट्यूबा असून हाच उघडा, हे मलाच बघवेना. "करा की," म्हटलं. पाच वाजता अण्णांनी बटण बंद केलं, विभूती ओढली, माळ घातली. तेवढ्यात बाहेरून बायका ओरडल्या, कोहळं फोडायला चला.

"जावा अण्णा, मी चालू करते," म्हटलं.

मग अप्पांचा फोन. ते मंडळाच्या लोकांबरोबर उद्याच्या धम्मचक्र दिनाला नागपूरला निघालेत, स्टेशनवर सहाला पोचायचं आणि डबा माझ्याकडं. धावतच सुटले. कोहळं फुटताना तेवढं बघितलं. गाडी मिळाली. अप्पांनी खिडकीतून पेढा घेतला आणि विचारलं, "मशिनला तेल घातलंस काय?"

दिवस फार छान गेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात. वंदना झाली, खीर झाली. आई तिच्या मैत्रिणींना सांगत होती, "आमची सुकन्या डेंगीच्या सदऱ्याचा खिसा शिवती. तिच्या हाताखाली लई शिंपी हायत." एकीनं विचारलं, आमच्या पोरीला लागेल काय तिथं काम? मी लाजून चप्पल शोधायला गेले. घरी आल्यावर मात्र अंघोळ लावलीच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कसं लिहू.

सकाळी आठला पोचले. लॅब गप्प होती. नेहमी आत शिरलं की फ्रीझरची घरघर ऐकू येते, आज नाही. खाली पाणी. दारावर झेंडूची माळ, विभूतीची तीन बोटं आणि आकड्याच्या खिडकीत अंधार. बटण बंद.

मी चालू करते म्हटलं होतं. मी केलं नव्हतं.

बटण दाबलं तेव्हा आकडा आला: अकरा. उणे नाही, अधिक अकरा. दोनशेच्या दोनशे ट्यूबा वितळलेल्या. उजेडावर धरून बघितल्या तर डोळ्यांना सगळ्या स्वच्छ, कशातच काही दिसेना.

अण्णा आले, बघितलं आणि भिंतीला टेकले. मग म्हणाले, "बंद मी केलो. माझं नाव सांगा. माझं वय झालंय, काय करणार आहेत मला."

"चालू करते असं मी म्हटलं होतं, अण्णा."

"मग ऐका. आता चालू झालाय. संध्याकाळपर्यंत उणे ऐंशी होतोय. पाणी मी पुसतो. सोमवारी पार्सल जाऊ दे. सर येईपर्यंत तुम्ही गप बसा. कुणाला कळतंय?"

खरं लिहिते, या वहीत तरी. अर्धा तास मी गप बसले. स्टुलावर बसून विचार केला की ट्यूबा स्वच्छ दिसतायत, बहुतेक चांगल्याच असतील. महिन्याच्या शेवटी नेमणुकीचं पत्र. अप्पांना काय वाटेल. अनिता मॅडम, त्या बंगळुरूच्या गटाच्या प्रमुख, त्यांच्या तपासणीत आकडे वेडेवाकडे आले तर त्या स्वतःलाच दोष देतील, आपल्याला नाही. आणि हे सुचलं तेव्हाच माझी मला लाज वाटली. फाटलेल्या कापडाचा खिसा आईनं कधी दिला असता का कुणाला, वरून इस्त्री करून?

ट्यूबा परत गोठू नयेत म्हणून फ्रीझर बंद केला. लॅबची वही उघडून लिहिलं: "१ ऑक्टो. सायं. ५ ला पूजेसाठी फ्रीझर बंद. परत चालू करायची जबाबदारी माझी होती, मी विसरले. सर्व २०० ट्यूबा वितळल्या."

पावणेनऊला सर आले. स्टेशनवरून थेट, कपाळावर अंगाऱ्याची रेघ, खांद्याला पिशवी, हातात फोन. दारातच उभे राहिले. फ्रीझरकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं बघितलं.

"काही विशेष?"

वही पुढं केली आणि तोंडानंही सांगितलं. अण्णा मध्येच म्हणाले, "मी बंद केलो, सर," मी म्हटलं, "नाही, मी विसरले," ते म्हणाले, "माळपण मीच घातलो." आमचं दोघांचं भांडणच लागलं, चूक कुणाची यावरून.

सर खाली बसले. फोन टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाले, "एकोणचाळीस तास." मी वेळ लिहिली होती त्यावरून मोजलं असणार, पण किती झटकन मोजलं! मला अजून बोटं मोजावी लागतात.

"एक ट्यूबही परत गोठवू नका. सगळ्या साध्या फ्रीजमध्ये. सोमवारी तपासू," म्हणाले. आणि पिशवीतून मंत्रालयाचा प्रसाद काढून आम्हा दोघांच्या हातावर ठेवला. रागावलेच नाहीत. मला तर वाटतं, फार राग आला की माणूस असाच वागतो.

घरी काही सांगितलं नाही. आईनं न विचारताच आज अंघोळीआधी चहा दिला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल आणि आज दिवसभर तपासलं.

साध्या एकशे वीस: फिरवल्यावर तळाला पांढरा ठिपका. चिकटण्याचा आकडा २६ सप्टेंबरच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेला. गेल्या. एकूण एक.

ग्लिसरीनच्या ऐंशी: गाळ नाही. जेलवर एकच रेघ. आकडा २६ सप्टेंबरला होता तेवढाच. तीनदा मोजलं, कारण माझा विश्वास बसेना. चौथ्यांदा सरांनी स्वतः मोजलं.

"जिवंत आहेत!" अण्णा म्हणाले. "कोहळं पावलं."

"ग्लिसरीन पावलं," सर म्हणाले. हसले का? कदाचित.

पण या विकता येणार नाहीत. सरांनी सांगितलं, "ग्राहकाला सगळं कळवा. पूजेपासून. मेल तुम्हीच लिहा." आयुधपूजेला इंग्रजीत काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी सरळ लिहिलं की आमच्याकडं वर्षातून एक दिवस मशिनांना विश्रांती देतात आणि मी एका मशिनला जास्त दिली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अनिता मॅडमचं उत्तर आलं. लगेच उघडलं.

पाच मिलिग्रॅम साधं प्रथिन ३१ पर्यंत नव्यानं द्या, असं पहिलं वाक्य. दुसरं असं: ग्लिसरीनच्या ऐंशी ट्यूबा फेकू नका, त्यावर "वितळलेल्या" अशी चिठ्ठी लावून त्याही पाठवा. त्यांची तपासणी शेवटी ज्या तालुक्याच्या दवाखान्यांत जाणार आहे तिथं उणे ऐंशीचा फ्रीझर नसतो, साधा फ्रीजही दिवसातून चारदा बंद पडतो. एकोणचाळीस तास काढलेलं प्रथिन त्यांना बघायचंच आहे.

सरांना दाखवलं. म्हणाले, "एकदा झालं तो अपघात. तीनदा मुद्दाम करून तेच आलं तर ती माहिती." आणि जाता जाता, "आधी पाच मिलिग्रॅम."

बावीस दिवस, त्यात दिवाळी. आईला सगळं सांगून टाकलं. तिनं सुई तोंडात धरून ऐकलं आणि म्हणाली, "गिऱ्हाईकाला खरं सांगितलीस न्हवं? मग परत शीव. कापड फाटलं म्हणून कोण शिंपी मरत न्हाई."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाच पूर्णांक चार मिलिग्रॅम! पीएच तीनदा तपासला. अण्णा आता येता-जाता फ्रीझरचा आकडा मोठ्यानं वाचतात, मशिदीतली बांग आणि देवळातली घंटा तशी ही एक तिसरी वेळ झालीय लॅबची.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पार्सल परवा पोचलं. आज सकाळी मॅडमचा मेल: साधं प्रथिन उत्तम. वितळलेल्या ट्यूबाही त्यांच्या तपासणीत पास. ग्लिसरीनचं प्रथिन फ्रीजबाहेर एक, तीन आणि सात दिवस ठेवून रीतसर अभ्यास करून द्याल का, सहा महिन्यांचं काम आहे.

चार वाजता सरांनी बोलावलं. टेबलावर माझी लॅबची वही, पहिल्या पानापासून उलटत होते. लाल रेघा मला उलट्या बाजूनंही दिसत होत्या: "पीएच तपासला नाही." "जबाबदारी माझी होती." मला वाटलं, झालं आता, एकेक वाचून दाखवणार.

"मी लाल रेघ कशाखाली ओढतो माहीत आहे?"

"चुकांखाली, सर."

"चुका मला जेलवर दिसतातच. माणसानं न लपवता लिहिलेलं वाक्य असतं, त्याखाली ओढतो. चोवीस वर्षांत एवढं लाल पेन मी कुणाच्या वहीत संपवलेलं नाही." आणि पाकीट पुढं सरकवलं. कायम नेमणूक. मला भर ऑफिसात रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"आणि तुमचा नंबर सांगा," सर म्हणाले. "आजपासून फ्रीझर तुमचा. त्या पांढऱ्या डबीचे मेसेज माझ्याबरोबर तुम्हालाही येतील."

"ती डबी मेसेज पाठवते?"

"हं." त्यांनी माझ्या फोनवर काहीतरी बसवून दिलं आणि दुपारच्या चहाला उठून गेले.

मी बाहेर येऊन फोन उघडला. जुने मेसेजही आले होते, जुलैपासूनचे, एकाखाली एक. खाली सरकवत गेले. १ ऑक्टोबर, ५.०२, वीज बंद. मग उणे साठ, उणे वीस, शून्य. ३ ऑक्टोबर, ८.०४, वीज चालू, अधिक अकरा. ८.३५, वीज बंद.

खाली बसले. म्हणजे सरांनी परतताना फोन चालू केला असणार, आणि दारात उभे राहिले तेव्हा सगळं त्यांच्या हातातच होतं. फ्रीझर परत चालू झाला तेही, अर्धा तास चालला तेही, परत बंद केला तेही. आणि त्यांनी फक्त विचारलं, काही विशेष.

अण्णांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून हळूहळू वाचत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी गप बसा म्हणालो, तवा..."

"हौदु, होय अण्णा."

"आणि सर आत आले, तवा..."

"हौदु."

अण्णा उठले, फ्रीझरच्या मागं गेले आणि खिशातल्या फडक्यानं डबीवरची धूळ पहिल्यांदाच पुसली. हात जोडले. "पुढच्या वर्षी हिलापण कुंकू लावूया, अक्का."

लावूया म्हटलं. पण चालू ठेवून.